मण्यांत ओवलेला साप: चॉक्टॉ दागिने कसे वाचायचे

पहिल्या नजरेत ती शंकरपाळी वाटते. टोकाला टोक लावून एका ओळीत मांडलेले चौकटीचे आकार, कधी पूर्ण, कधी अर्धे कापलेले. चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ समाजातल्या बायकांच्या झग्याच्या घेरावर, पुरुषांच्या सदऱ्याच्या छातीवर, कानातल्या मण्यांच्या डुलांवर, गळ्यातल्या पदकावर ही ओळ पुन्हा पुन्हा भेटते.

ती सापाची पाठ आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात ईस्टर्न डायमंडबॅक नावाचा रॅटलस्नेक राहतो. शेपटी खुळखुळ वाजवून इशारा देणारा हा साप उत्तर अमेरिकेतल्या विषारी सापांत सगळ्यात मोठा. त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत हेच आकार असतात. चॉक्टॉ लोक मूळचे मका, घेवडा आणि भोपळा पिकवणारे. मक्यावर उंदीर येतात, आणि उंदरांना साप खातो. म्हणून या सापाला मारायचं नाही, त्याचा मान राखायचा, अशी शिकवण. तो मान अंगावर घालायच्या कपड्यांत आणि दागिन्यांत उतरला.

मी हौसेने मण्यांचं काम करते. मावशीच्या हाताखाली रुखवतासाठी मण्यांचं तोरण ओवताना शिकले. त्यामुळे कुठलाही मण्यांचा दागिना दिसला की माझी नजर आधी टाक्याकडे जाते, रंगाकडे नंतर. चॉक्टॉ दागिन्यांनी मला वेगळी सवय लावली. ‘पूर्वजांचा मान राखणारे दागिने’ असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, तेव्हा तो मान नेमका कुठे असतो? काचेच्या मण्यात पूर्वज कसे येतात? हे मी बरीच वर्षं शोधत राहिले, आणि जे सापडलं ते इथे सांगते आहे.

आधी माणसं. चॉक्टॉ स्वतःला ‘चाहता’ म्हणतात (आपल्या ‘चाहता’ या शब्दाशी त्याचं नातं नाही, नुसता योगायोग). त्यांची जुनी भूमी म्हणजे आजच्या मिसिसिपी राज्याचा मोठा भाग आणि शेजारच्या अलाबामा, लुइझियानाचा काही भाग. मिसिसिपीत नानिह वाया नावाची मातीची एक टेकडी आहे. ती निसर्गाने घडवलेली नाही, माणसांनी माती वाहून उभी केलेली आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चॉक्टॉ तिला आई मानतात.

तिच्याबद्दल दोन कथा आहेत. एकीत चॉक्टॉ माणसं या टेकडीतूनच बाहेर आली. दुसरीत ती पश्चिमेकडून चालत आली. रोज रात्री एक काठी जमिनीत रोवायची आणि सकाळी ती ज्या दिशेला कललेली दिसेल तिकडे निघायचं. एके सकाळी काठी सरळ उभी राहिली, आणि प्रवास तिथे संपला. या दुसऱ्या कथेतला एक तपशील मला विसरता येत नाही. चालताना ते आपल्या पूर्वजांची हाडं बरोबर वाहून नेत होते. मुक्काम ठरल्यावर ती हाडं एकत्र ठेवून वर माती रचली, तीच ही टेकडी. पूर्वजांना मागे टाकून जायचं नाही, अंगाखांद्यावर घेऊन चालायचं, ही कल्पना त्यांच्या मूळ कथेतच आहे.

पुढे त्यांना खरंच चालावं लागलं, आणि तेही जबरदस्तीने. १८३० साली अमेरिकन सरकारने मूळ समाजांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी सप्टेंबरात डान्सिंग रॅबिट क्रीक इथे करार झाला आणि चॉक्टॉंची मिसिसिपीतली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली. त्या कायद्याखाली हलवला गेलेला हा पहिला मोठा समाज. १८३१ ते १८३३ या तीन वर्षांत हजारो कुटुंबं सुमारे ८०० किलोमीटर दूर, आजच्या ओक्लाहोमात नेली गेली. पहिल्या वर्षीचा हिवाळा भयंकर होता. थंडी, उपासमार आणि पटकी यांत हजारो माणसं वाटेतच मेली. मूळ समाजांच्या या सक्तीच्या वाटचालीला मिळालेलं ‘अश्रूंची वाट’ हे नाव आज सगळ्यांना चेरोकी समाजामुळे माहीत असतं, पण त्या वाटेवर चॉक्टॉ आधी चालले होते.

काही जण मागे राहिले. करारात तशी तरतूद होती, पण नोंदणीचं काम ज्या अधिकाऱ्याकडे होतं त्याने बहुतेकांची नावं नोंदवलीच नाहीत. मग पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात वाट्याने कसणं आलं. म्हणून आज चॉक्टॉंचे सरकारमान्य समाज तीन आहेत. ओक्लाहोमातला सगळ्यात मोठा, दोन लाखांहून जास्त सदस्यांचा. मिसिसिपीतला सुमारे ११ हजारांचा. आणि लुइझियानातला जेना हा छोटा समाज, ज्याला १९९५ साली मान्यता मिळाली. मिसिसिपीत मागे राहिलेल्यांकडे भाषा, पोशाख आणि नाच जास्त टिकले, आणि ओक्लाहोमातल्या लोकांनी विसरलेले नाच पुढे तिकडून परत शिकून घेतले. दागिना बघताना हा विरह ध्यानात ठेवावा लागतो. एकच नक्षी ८०० किलोमीटर अंतरावरच्या दोन घरांत सापडते, तेव्हा ती दोन्ही घरं एकाच आजीची असू शकतात.

आता वस्तूकडे येते. काच येण्याआधी मणी शंख-शिंपल्यांचे, हाडांचे, दगडांचे, बियांचे, तांब्याचे आणि नदीतल्या मोत्यांचे असत. त्यांतला शंख महत्त्वाचा. मेक्सिकोच्या आखातात ‘लाइटनिंग व्हेल्क’ नावाचा शंख मिळतो. जगातले बहुतेक शंख एका बाजूला वळतात, हा उलट्या बाजूला वळतो. जन्मजात डावा. चॉक्टॉंचे पूर्वज ज्यांत मोडतात त्या टेकड्या बांधणाऱ्या समाजांनी या शंखाला फार मान दिला. त्याचे पेले केले, आणि त्याच्या भिंतीतून गोल चकत्या कापून, कोरून, गळ्यात घातल्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नद्यांच्या काठांवरच्या जुन्या वस्त्यांत हे शंख सापडतात. या चकत्यांवर आणि त्या काळच्या मडक्यांवर साप आहेत, क्रूस आहेत, आणि वळत वळत आत जाणारी वेल आहे.

इथे आपल्याकडचा एक धागा खरोखर जुळतो. आपल्या देवघरात ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणतात तो फार दुर्मीळ, कारण आपल्या समुद्रातल्या शंखांत उलटा वळलेला लाखांत एखादाच. मग बाजारात त्याच्या नावाखाली बऱ्याचदा हाच अमेरिकन लाइटनिंग व्हेल्क विकला जातो. तिकडे त्याचा प्रत्येक शंख तसाच वळतो, म्हणून तो स्वस्त. जो शंख चॉक्टॉंच्या पूर्वजांनी गळ्यात घातला, तोच कुणाच्या तरी देव्हाऱ्यात आज पूजेला असेल.

काचेचा मणी युरोपियन लोकांबरोबर आला. आधी स्पॅनिश, मग १६९९ नंतर लुइझियानात वसाहत करणारे फ्रेंच, मग इंग्रज. चॉक्टॉ हरणाची कातडी देत आणि बदल्यात कापड, सुया, भांडी, मणी घेत. बरेचसे मणी व्हेनिसचे असत, नंतर बोहेमियाचे. ते बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवेचा बुडबुडा सोडायचा, दोन माणसांनी त्याला दोन बाजूंनी पकडायचं आणि एकमेकांपासून दूर धावत सुटायचं. काच ताणत जाते, बुडबुडाही ताणतो, आणि लांबच लांब पोकळ दोरा तयार होतो. तो थंड झाल्यावर बारीक तुकडे करायचे आणि परत तापवून घोळवायचे, म्हणजे धार बोथट होते. मण्याचं भोक म्हणजे तो जुना बुडबुडा.

‘परक्यांनी आणलेले मणी, मग यात परंपरा कसली?’ असं विचारणारे भेटतात. मला हा प्रश्न उथळ वाटतो. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली म्हणून ठेचा आपला नाही असं कुणी म्हणत नाही. चॉक्टॉ बायकांनी नवा मणी घेतला आणि त्यातून शंखावरची जुनी वेल काढली. नक्षी आधीपासून त्यांचीच होती.

ही वेल सगळ्यात सुंदर दिसते ती पट्ट्यांवर. पुरुष नाचाच्या वेळी एका खांद्यावरून तिरपा पट्टा घेतात, कधी दोन पट्टे घेऊन छातीवर फुली करतात. लाल किंवा काळसर निळी लोकर, आणि तिच्यावर पांढऱ्या मण्यांची बारीक रेघ. रेघ जाते, गोल वळते, आत गुंडाळते, परत बाहेर येते. सगळं कापड मण्यांनी भरून टाकायची हौस इथे नाही. उत्तरेकडच्या मैदानी समाजांचं मणीकाम पाहिलेल्याला हे रिकामं वाटू शकतं. मला उलट हीच त्यातली ताकद वाटते, कारण मोकळ्या लोकरीवर रेघेला लपायला जागा नसते. एक मणी वाकडा बसला तर लांबून दिसतो.

ती रेघ वळवायची कशी? मणी दोऱ्यात ओवून सर तयार करायचा, तो कापडावर हवा तसा वळवून ठेवायचा आणि दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांनंतर आडवा टाका घालून धरायचा. म्हणजे एकाच वेळी दोन सुया चालतात, एक मणी वाहणारी आणि एक बांधणारी. वळण जितकं आवळ तितके टाके जवळ जवळ.

गळ्यातलं गोल पदकही याच टाक्याने होतं. मध्ये एक मणी शिवायचा आणि त्याच्याभोवती रांगा घालत जायचं. क्रोशाचा गोल रुमाल ज्यांनी विणलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. प्रत्येक रांगेत मणी वाढवावे लागतात, नाहीतर चकती वाटीसारखी आत वळते, आणि जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. दर रांगेला किती मणी वाढवायचे ते मण्याच्या मापावर ठरतं. बाजारात मिळणाऱ्या ११ नंबरच्या मण्यांनी (नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो) सहा सेंटिमीटरची चकती भरायला नऊशे ते हजार मणी लागतात. कानातली जोडी असेल तर दोन्ही चकत्या सारख्या यायला हव्यात, आणि काचेचे मणी कधीच एकसारखे नसतात. कसलेली बाई ओवता ओवता जाड-बारीक मणी बाजूला काढत जाते.

आणि तिसरी रीत जाळीची. चॉक्टॉ बायकांचा मोठा गळपट्टा, जो मानेपासून खांद्यांपर्यंत पसरतो, तो या जाळीचा असतो. आधी गळ्याभोवती एक सर. मग सुईत तीन मणी घ्यायचे, सरातले काही मणी सोडून पुढच्यातून सुई काढायची, की एक छोटी कमान झाली. अशा कमानी गोल पुऱ्या झाल्या की पुढच्या फेरीत पाच मणी, आणि आता सुई जाते आधीच्या कमानीच्या मधल्या मण्यातून. मग सात, मग नऊ. आकडा नेहमी विषम, कारण मधला मणी हवाच. फेरीगणिक कमानी रुंदावतात म्हणून गळपट्टा खांद्यांवर सपाट पसरतो, दोऱ्याला कुठे ताण येत नाही. आता तो अंगावर घातल्यावर जाळीची घरं पाहा. प्रत्येक घर शंकरपाळ्याचं आहे. सापाच्या पाठीचा आकार टाक्यातूनच आपोआप निघतो. ही नक्षी टाक्याने सुचवली की सापाने, या वादात मला पडायचं नाही, पण सुई चालवताना ते घर हाताखाली उघडतं तेव्हा फार आनंद होतो.

सापाखेरीज आणखी खुणा दिसतात. फुली पुष्कळदा स्टिकबॉलच्या दोन काठ्यांची असते. हा चॉक्टॉंचा खेळ, टोकाला जाळीदार वाटी असलेल्या दोन काठ्यांनी चेंडू पकडायचा. पूर्वी गावांमधली भांडणं युद्धाऐवजी या खेळाने मिटवत, म्हणून त्याला युद्धाचा धाकटा भाऊ म्हणतात. मात्र खुणांचा कोश करून ‘या आकाराचा अर्थ हा’ असं पाठ करायचा मोह टाळलेला बरा. एकाच वेलीला एक घर वेटोळं घातलेला साप म्हणेल, दुसरं वारा म्हणेल, आणि तिसरं फक्त ‘आमच्या आजीची वेल’ म्हणेल. मला तिसरं उत्तर सगळ्यात वजनाचं वाटतं.

कारण इथे आजीला जागा आहे. चॉक्टॉंचं कुळ परंपरेने आईकडून चालत आलं. मूल आईच्या कुळाचं, आणि मुलांना वळण लावण्यात मामाचा शब्द मोठा. साहजिकच सुई-दोऱ्याचं काम आईकडून, आजीकडून, मावशीकडून आलं. मुलांना घरापासून लांब शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडण्याचा काळ या समाजानेही सोसला. तिथे जे तोंडाने देता आलं नाही त्यातलं काही हातांनी पुढे गेलं. आजची एखादी चॉक्टॉ मुलगी डुलांची जोडी ओवताना पणजीच्या झग्याचे रंग घेते, जुन्या फोटोतल्या गळपट्ट्याची घरं मोजून तसाच गळपट्टा बांधते, किंवा संग्रहालयाच्या कपाटातल्या दोनशे वर्षं जुन्या पट्ट्याची वेल कागदावर उतरवून आणते. मान राखणं म्हणतात ते हे. घरं मोजताना पणजीच्या हाताने कुठे मणी वाढवला आणि कुठे सोडला ते कळतं. मी हे स्वतःच्या आजीच्या पोतीवर करून पाहिलं आहे. एका जागी तिने गाठ दोनदा मारली होती.

ही कला फक्त जुन्याच्या नकलेत अडकलेली नाही. मार्कस अमरमन हा चॉक्टॉ कलाकार मण्यांनी हुबेहूब चेहरे उभे करतो. जेफ्री गिब्सन वडिलांकडून मिसिसिपीचा चॉक्टॉ, आईकडून चेरोकी. व्यायामशाळेतल्या गुद्दे मारायच्या पिशव्या तो मण्यांनी मढवतो. २०२४ साली व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं, आणि असा मान मिळालेला तो पहिला मूळनिवासी कलाकार. ज्या गावच्या भट्ट्यांतून मणी जहाजात भरून अमेरिकेला गेले, त्याच गावात त्याने मण्यांचे धडच्या धड पुतळे नेऊन उभे केले. हे वाचलं त्या दिवशी मी कामाला बसू शकले नव्हते.

आता खऱ्या-खोट्याचं. ‘नेटिव्ह’ किंवा ‘ट्रायबल’ असं लिहून यंत्रावरचे, परदेशातून आणलेले दागिने विकणं हा अमेरिकेत मोठा धंदा आहे. त्याविरुद्ध १९९० चा कायदा आहे. एखादी वस्तू मूळनिवासी माणसाने केली असं खोटं सांगून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडच्या जीआय मानांकनाशी तुलना केली तर फरक कळतो. पैठणीचं किंवा कोल्हापुरी चपलेचं मानांकन वस्तूला प्रदेशाशी बांधतं. तिकडचा कायदा वस्तूला माणसाशी बांधतो. मान्यताप्राप्त समाजाच्या सदस्याने न्यूयॉर्कमध्ये बसून जपानी मणी ओवले तरी दागिना चॉक्टॉ. मिसिसिपीत राहणाऱ्या दुसऱ्या कुणी हुबेहूब तसाच केला तरी तो चॉक्टॉ म्हणून विकता येत नाही.

मग चॉक्टॉ कोण, हे कोण ठरवतं? प्रत्येक समाज आपापल्या नियमांनी. ओक्लाहोमात त्याचा पाया आहे डॉज आयोगाची यादी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी कारकुनांनी केलेली. त्या यादीत ‘रक्ताने’ चॉक्टॉ म्हणून नोंद झालेल्याचे वंशज तेवढे सदस्य. ही यादी दुखरी आहे. काही चॉक्टॉ कुटुंबांनी आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ठेवली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर ती मुक्त झाली, पण त्यांची नावं वेगळ्या यादीत गेली, आणि त्यांच्या वंशजांना आज सदस्यत्व नाही. ती माणसंही त्याच वाटेने, त्याच हिवाळ्यात चालली होती. पूर्वजांचा मान म्हणताना त्यांना वगळणं मला पटत नाही. ज्यांच्या घरात चॉक्टॉ पणजीची गोष्ट आहे पण यादीत नाव नाही अशांसाठी कायद्यात एक दार आहे. समाज अशा वंशजाला कारागीर म्हणून स्वतः प्रमाणित करू शकतो.

‘आपण हे घालावेत का?’ असंही मला विचारलं जातं. विकायला ठेवलेले डूल, हार, पदकं चॉक्टॉ कारागिराकडून घ्या आणि खुशाल घाला. ती सगळ्यांसाठीच केलेली असतात, आणि त्या पैशांवर पुढचे मणी येतात. नाचाचा पट्टा मात्र वेशभूषा स्पर्धेसाठी आणू नका.

डॅलसला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे सगळं हाताशी आहे. गाडीने उत्तरेला दीड तास गेलं की ओक्लाहोमातलं ड्युरंट लागतं, चॉक्टॉ नेशनचं मुख्य ठिकाण. २०२१ पासून तिथे त्यांचं सांस्कृतिक केंद्र आहे. कारागीर भेटला, तर आधी ‘हालितो’ म्हणा, म्हणजे नमस्कार. पदक हातात घेण्याआधी विचारा, आणि दिलं तर उलटं करून पाहा. मागे बहुधा मऊ चामडं असतं आणि कडेने एकेक मणी घेत ते पुढच्या बाजूला शिवलेलं असतं. घाईचं काम तिथे उघडं पडतं. मग विचारा, ‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ उत्तरात एखादं नातं येईल, बहुतेक आजीचं किंवा मावशीचं, आणि त्यामागून गोष्ट सुरू होईल. वेळ काढून जा.